कुणापैकी?

दुपारी शोकेस पुसायला काढली आणि मालवणहून आणलेला एक शिंपला हाताला लागला. पार चाळण झालेला. शिंपल्याला कडेनं तासलेलं एकच गोल भोक असलं, तर बहुधा एखाद्या शिकारी गोगलगायीनं तो पोखरून खाल्लेला असतो. पण अशी जागोजागी बारीक भोकं दिसली की माझा संशय क्लायोनावर. हा स्पंज, म्हणजे समुद्रात एका जागी चिकटून राहणारा प्राणी. ना दात, ना तोंड, तरी चुनखडीचं कवच कण कण करून पोखरतो आणि आत राहतो.

कुठला क्लायोना, हे मात्र आता सांगता यायचं नाही. राहणारा गेला, घर उरलं.

आमची आत्ती शिवाजी पेठेत उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला हटकायची, "कुणापैकी रं तू?" उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायची, "नाक बघ की, आज्याचंच!" बऱ्याचदा बरोबरही निघायचं. स्पंजपुढं आत्तीचं काही चाललं नसतं. युरोपच्या किनाऱ्यावरचा हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया घ्या. उजेडात हिरवा, सावलीत पिवळट. लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटलेला पातळ थर, शांत पाण्यात धुराड्यांसारखे उंचवटे काढून बसलेला. तोच प्राणी. वर बरणीत स्पिरिटमध्ये ठेवला की असला नसला रंगही जातो आणि कपाटातले सगळे नमुने एकाच मळकट कुळातले दिसायला लागतात.

म्हणून फोटो पाठवून "हा कुठला स्पंज?" विचारणाऱ्यांचा मला उगाच राग येतो. तुकडा कुठाय?

कॉलेजात सरांनी शिकवलं होतं ते अजून डोळ्यांपुढं आहे. नखाएवढा तुकडा परीक्षानळीत, वर ब्लीच. फेस येतो, मांस विरघळतं, तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचा, मग स्पिरिटनं, आणि थेंबभर काचपट्टीवर. मायक्रोस्कोपखाली तो गाळ म्हणजे काचेच्या सुया निघतात. हॅलिकॉन्ड्रियाच्या दोन्ही टोकांना अणकुचीदार. क्लायोनाच्या एका टोकाला गोल डोकं, दुसरं टोक टोकदार. काही जातींत मोठ्या सुयांच्या मधे इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या किंवा चांदणीसारख्या चिमुकल्या सुया. ओळख बऱ्याचदा त्यांच्यावरच ठरते. ब्लीचऐवजी ॲसिड घातलं आणि सुयाच विरघळल्या, तर त्या सिलिकाच्या नव्हत्या, कॅल्शियम कार्बोनेटच्या होत्या. तेवढ्यावर वर्ग ठरला.

अंघोळीच्या खऱ्या स्पंजात मात्र सुयाच नसतात. नुसतं स्पाँजिन नावाच्या लवचीक प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं, आणि ब्लीचमध्ये तेही हळूहळू विरतं. म्हणजे जो एकच स्पंज सगळ्या जगाला ठाऊक, त्याच्यापुढं आमची ही पद्धत गप्प. त्याचे पातळ काप घेऊन धागे बघावे लागतात. ते मी कधी केलं नाही. कंटाळा, दुसरं काय.