मॅच सगळे बघतात, जजिंगला कोण येतं?

आमच्या शाळेचा रोबोटिक्सचा दिवस दरवर्षी असतो. उद्घाटन, पाहुण्यांची ओळख, नियमांचं वाचन वगैरे होतंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॅच मात्र धमाल, फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या जागतिक रोबोट स्पर्धेसारखीच अडीच मिनिटांची, टेबलाभोवती ही गर्दी आणि आरडाओरडा. पण माझा जीव अडकलेला असतो जजिंगच्या खोलीत, जिथे टीम आपलं काम जजना समजावून सांगतात.

तिथे काही टीम भाषण पाठ करून येतात, ते लगेच कळतं. मला भरून येतं ते "हे आमचं चाललं नाही" असं सांगणाऱ्या पोरांचं ऐकून. एका वर्षी सहावीतली एक मुलगी, हजेरीलाही तोंडातल्या तोंडात बोलणारी, जजना सांगत होती की वर्गात पांढऱ्यावरची काळी लाईन नीट पकडणारा रोबोट हॉलमध्ये भरकटला, कारण कलर सेन्सर परत आलेला उजेड मोजतो आणि इथले दिवे वेगळे, मग आम्ही काळा-पांढरा इथेच परत मोजला आणि मधली व्हॅल्यू घेतली. जज म्हणाले, आणि वळताना चुकला तर? "बॅटरी उतरली की तेवढ्याच सेकंदात तो कमी वळतो सर, म्हणून आता सेकंद नाही, चाकाचे फेरे मोजतो." ५६ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात साधारण १७.६ सेंटीमीटर जातं हे तिला तोंडपाठ, आणि परिघाचं सूत्र बघून हीच पोरं पेपरात रडतात! एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे त्यांना कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं.

फर्स्ट लेगो लीगमध्ये चॅम्पियन ठरवताना रोबोट गेमला जेवढं वजन तेवढंच प्रोजेक्टला, रोबोट डिझाईनला आणि कोअर व्हॅल्यूजला (म्हणजे टीमवर्क वगैरे), आम्हीपण तसंच ठेवलंय. जजिंग तर मुद्दाम पालकांसाठी उघडं ठेवतो, तरी खुर्च्या रिकाम्याच. मॅचला मोबाईल उंच धरून उभे असतात सगळे. माजी विद्यार्थी तर ग्रुपवर "येतो येतो" म्हणतात, असो.

आता आभार: टेबलं बनवणारे सुतारकाका, पहाटे लॅब उघडणारे शिपाईकाका, सगळे लॅपटॉप अपडेट करून ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या बाई, बॅटऱ्या चार्जिंगला लावणारी नववीची मुलं, स्टॉपवॉच धरणाऱ्या दहावीच्या मुली, लेगोच्या हरवलेल्या पिना फरशीवर बसून शोधणाऱ्या मावशी, साऊंडवाले दादा, आणि हो, एक्स्टेन्शन बोर्ड देणारे शेजारचे काका. गेल्या वर्षी आभारात त्यांचंच नाव राहिलं, आणि ते त्यांनी मला गेटवर थांबवून ऐकवलं, म्हणून यंदा इथेच आधी लिहून ठेवतोय.