दारात सांगायचं नाही

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत १९९९ च्या जूनमध्ये आम्ही पाळणाघर सुरू केलं. तेव्हा तीन मुलं होती, एक मावशी, चार गाद्या आणि सासूबाईंनी दिलेला लाकडी पाळणा. आज चोवीस मुलं आणि सहा मावशी आहेत. गुमास्ता परवाना, भाडं, लाइटबिल, मावशींचे पगार या सगळ्यावर लिहिता येईल. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाचं चावणं, हट्ट, शी-शू, नखं, उवा याबद्दल त्याच्या घरच्यांशी बोलायचं कसं, हे शिकायला आम्हाला सगळ्यात जास्त वर्षं लागली. म्हणून तेच लिहिते आहे. मुलांची नावं देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

सुरुवात माझ्या चुकीने झाली. पहिल्याच वर्षी एका अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या. संध्याकाळी तिची आई स्टेशनवरून धावतपळत आली. दारात आणखी दोघी आपापल्या मुलांना चपला घालत होत्या. मी म्हणाले, "अगं, हिच्या डोक्यात उवा झाल्यात, घरी जरा बघ." माझ्या मनात रागाचा लवलेश नव्हता. तिने मान खाली घातली, मुलीला कडेवर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आलीच नाही. चार दिवसांनी मी घरी गेले, तेव्हा ती म्हणाली, "काकू, तुम्ही खोटं नाही बोललात. पण तिथे दोघी उभ्या होत्या, त्यातली एक माझ्या नणंदेच्या बिल्डिंगमधली. आता महिनाभर हेच ऐकायचंय मला."

त्या बाईला घरात काय ऐकून घ्यावं लागलं असेल, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. त्यात उवा स्वच्छ केसांतही होतात. त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चढतात. दुपारी आमच्याकडे मुलं एकमेकांना चिकटून झोपायची, म्हणजे त्या बहुधा आमच्याच गाद्यांवर तिच्या डोक्यात गेल्या असणार. हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी सगळ्याच घरी सारखाच निरोप दिला असता: आज बारीक फणीने विंचरा, उवा दिसल्या तर औषध लावा, आणि लिखा फुटायला आठवडाभर लागतो म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा औषध लावा.

त्या दिवसापासून नियम झाला. दारात सांगायचं नाही. दारात फक्त जेवला का, झोपली का, एवढंच. बाकीचं शनिवारी, बसून, चहा ठेवून.

दुसरी गोष्ट २००३ मधली. आमच्या एका मावशींनी एका मुलाला धपाटा घातला. त्याने भाताची वाटी तिसऱ्यांदा भिरकावली होती आणि त्या सकाळपासून नऊ पोरांत एकट्या होत्या, कारण दुसऱ्या मावशी रजेवर होत्या आणि मी बँकेत. एकीला नऊ पोरं सांभाळायला लावली, हा दोष माझा. संध्याकाळी आई-बाबा दोघांना बोलावून मी स्वतः सांगितलं. ते चिडतील, मुलाला काढून नेतील, अशी मनाची तयारी केली होती. वडील म्हणाले, "अहो काकू, एवढं काय त्यात? घरी आम्हीही देतो. एखादा धपाटा बसल्याशिवाय वळण लागतं का?"

हे ऐकल्यावर मला बोलता येईना. रागावलेल्या पालकांना उत्तर देता येतं, पण माझ्याच मावशींच्या धपाट्याला घरून पाठिंबा मिळाला होता! दोन दिवस विचार करून मी त्यांना पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, "तुमच्या घरात काय करायचं ते मी सांगणार नाही. पण इथे कोणी हात उगारणार नाही, आणि मी ते का म्हणते ते तुम्ही एकदा ऐका." दोन वर्षांच्या मुलाला धपाट्यातून भात फेकू नये हे कळत नाही, मोठं माणूस चिडलं की मारतं एवढं कळतं. त्यानंतर ते बाळ इतर मुलांच्या पाठीत धपाटे घालायला लागलं होतं, ते मी त्यांना दाखवलं. आई लगेच म्हणाली, "घरी आजीलाही मारतो." तिथून बोलणं सुरू झालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आणली, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आमच्याकडच्या वयाच्या मुलांसाठी हे घराघरात बोलूनच करावं लागतं. त्या मावशी अजून आमच्याकडे आहेत. नवीन मावशी आली की ही हकिगत त्या स्वतः तिला सांगतात.

मग २६ जुलै २००५ आला. मंगळवार होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि आमच्याकडे अकरा मुलं रात्रभर राहिली. वीज नव्हती. मेणबत्त्या, पार्ले-जी, मऊ भात आणि मीठ. दिवसा जी मुलं आम्हाला पाठ होती असं वाटायचं, ती रात्री वेगळीच निघाली. एकाला तोंडात दुधाची बाटली घेतल्याशिवाय झोप येत नव्हती. त्याचे पुढचे दात किडत चालले होते त्याचं कारण मला त्या रात्री समजलं. एकीला शी लागली की आई पायांवर बसवायची, त्यामुळे आमच्या भांड्यावर बसायचं म्हटलं की ती अंग ताठ करायची. पहाटेपासून पालक हायवेने चालत यायला लागले, कमरेपर्यंत भिजलेले. त्यांच्यातल्या एका बाबांनी विचारलं, "तो बाटलीशिवाय झोपला कसा?" मी म्हटलं, "नाही झोपला." दोघेही रडलो.

त्यानंतर आम्ही प्रवेशाचा कागद बदलला. आधी त्यावर नाव, पत्ता, रक्तगट, फोन एवढंच होतं. आता आम्ही विचारतो: घरी शी कुठे करतो, कसा बसतो? झोपताना तोंडात काय असतं? हट्ट केला की घरात पहिलं कोण धावतं? आणि तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?

शेवटचा प्रश्न वाचून नवे पालक चमकतात. त्यामागे एक सोमवार आहे. एक दहा महिन्यांचा मुलगा दर सोमवारी लालभडक जांघा घेऊन यायचा. मावशी म्हणत, शनिवार-रविवार डायपर बदलतच नाहीत वाटतं. मलाही तेच वाटत होतं आणि मी चिडले होते. पण विचारायच्या आधी आम्ही एक केलं. सकाळी आल्याआल्या त्याच्या आईसमोरच त्याचे कपडे बदलायला घेतले आणि मी फक्त म्हटलं, "बघ ना, किती दुखत असेल याला." ती हळूच म्हणाली, "काकू, पाणी पहाटे दीड तास येतं. घरात सात माणसं. रविवारी सगळे घरी असतात, दुपारपर्यंत पिंप रिकामं होतं." दर वेळी धुवायला पाणी नाही, म्हणून ती डायपर ताणत होती. तिला स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं असतं, तर तो अपमान झाला असता. आम्ही ठरवलं की रविवारी दुपारी चार तास डायपर नको, जुन्या धोतराचे लंगोट. एक तांब्या फक्त बाळाचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि मग झिंकचं मलम. तीन आठवड्यांत त्वचा सुधारली.

तेव्हापासून सकाळची ती पाहणी सगळ्यांचीच होते, पालकांसमोर. नखं, कान, जांघा, अंगावर कुठे खरचटलंय का. वहीत लिहितो, दोघांच्या सह्या. घरून आलेली जखम कुठली आणि आमच्याकडे झालेली कुठली, यावर आमच्याकडे आता वाद होत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, तेव्हा पालकांनी कॅमेरे मागितले. त्यांचं बरोबर होतं, आम्ही कॅमेरे लावले आणि मावशींची पोलीस पडताळणीही करून घेतली. पण पालकांचा विश्वास मला अजूनही त्या वहीतल्या दोन सह्यांत जास्त दिसतो.

आणखी एक ठरवलं: स्वच्छतेबद्दल बोलायचं असेल तर बाबांना बोलवायचं, आजी घरात असतील तर त्यांनाही. मुलाची नखं वाढली की त्याचा जाब आईलाच का? नखं कापायला बाबांनाही येतं. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा एक बाबा म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही." मी नेलकटर हातात दिलं.

चावण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पालक सगळ्यात जास्त दुखावतात ते त्यावरून. वीस महिन्यांचा एक मुलगा आठवड्यात चार जणांना चावला. एका मुलीच्या दंडावर दातांची पूर्ण कमान उमटली. तिचे आजोबा संध्याकाळी आले, "कोण तो, नाव सांगा." नाव आम्ही सांगत नाही, कधीच नाही. मी त्यांना सांगितलं, "आजोबा, लागलं ते आमच्या देखरेखीत लागलं, जबाबदारी आमची. काय करतोय ते मी तुम्हाला शनिवारी येऊन सांगते." ते धुसफुसत गेले. शनिवारी मी खरंच गेले.

आम्ही प्रत्येक वेळी किती वाजता चावला, त्याआधी काय झालं, ते लिहीत होतो. चारही वेळा सकाळी अकरा ते पावणेबाराच्या मध्ये, आणि चारही वेळा कोणीतरी त्याच्या हातातलं काही ओढलं होतं. त्याच्या आई-बाबांना तो कागद दाखवला. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. आईला सकाळी ७:४२ ची गाडी गाठायची असे, त्यामुळे मूल दूध पिऊन यायचं, खाऊन नाही. आणि घरी कुणीतरी सांगितलं होतं की त्यालाही एकदा चावून दाखवा, म्हणजे कळेल. बाबांनी तसं केलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. मी त्यांना दोष दिला नाही. हा सल्ला मुंबईतल्या किती घरांत देतात ते मला माहीत आहे. पण त्याने मूल घाबरतं आणि चावणं हे मोठ्यांचंही काम आहे असं समजतं. या वयात बोलता येत नाही, दात शिवशिवत असतात, भूक आणि राग सगळं तोंडातून बाहेर येतं.

मग पावणेअकराला केळं किंवा चिकू. चावला की आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं, मग याच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य, "चावायचं नाही, लागतं." घरीही तेच शब्द, आजीनेही तेच. त्यावर भाषण नाही, हसायचं तर मुळीच नाही. आणि दिवसभर त्याला "दे" आणि "माझं" हे दोन शब्द शिकवायचे. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने त्याची बस ओढली. त्याने तोंड उघडलं आणि ओरडला, "माऽझं!" मावशींनी टाळ्या वाजवल्या.

२०१७ च्या एप्रिलपासून मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. आधी तीन महिन्यांची बाळं यायची, आया डोळे पुसत स्टेशनकडे जायच्या. आता बहुतेक सहा महिन्यांची, वरचं अन्न सुरू झालेली येतात. आमच्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ येते, तेव्हा पुन्हा कठीण बोलणं. ताप गेला, मूल खेळतंय, रजा संपली, मग काकू घेत का नाहीत? अंगावरचे फोड सुकेपर्यंत आम्ही घेत नाही. पण हेही सांगतो की बरं झाल्यावरही विषाणू कित्येक आठवडे शीमधून जात राहतो. म्हणून डायपर बदलल्यावर साबण-पाणीच लागतं, सॅनिटायझर या विषाणूला पुरत नाही. कोरोनानंतर हे पटवायला अवघड जातं, बाटली प्रत्येकाच्या पर्समध्ये असते. मार्च २०२० मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलं तेव्हा चारच मुलं होती. मावशींना अर्धा पगार देता आला, पूर्ण देता आला नाही, याची रुखरुख आहे.

आता आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाते आहे. जवळच भाड्याची नवी जागा पाहिली आहे, गणपतीनंतर हलायचं आहे. सुताराला आणि प्लंबरला मी दोनच कामं आधी करायला सांगितली. हात धुवायचं बेसिन जमिनीपासून दीड फुटावर, नळ मुलांच्या हाताला येईल असा. आणि पुढच्या खोलीचा कोपरा अडवून एक छोटी खोली, तीन खुर्च्या आणि चहाची किटली मावेल एवढी. प्लंबर म्हणाला, "ताई, या खोलीला दार कशाला? पडदा लावा, खर्च वाचेल." मी त्याला दारच लावायला सांगितलं आहे.