मौनप्रार्थना आणि विश्वासत्यागाचा शिक्का : काही नोंदी

सोमवार

मौनप्रार्थना शिकवणाऱ्या बॅप्टिस्टांवर ख्रिस्ती विश्वास सोडल्याचा शिक्का मारला जातो, त्या वादाच्या या नोंदी. बॅप्टिस्टांमध्ये (विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारा प्रोटेस्टंट पंथ) कुणावर विश्वासत्यागाचा आरोप झाला की पहिली पंचाईत होते ती त्यांच्याच सिद्धांताची. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाचं विश्वासपत्रक 1925 चं, पुढे 1963 आणि 2000 मध्ये सुधारलेलं. त्यातलं पाचवं कलम म्हणतं की खरे विश्वासणारे शेवटपर्यंत टिकतात. ज्याचा नवा जन्म खरोखर झाला आहे तो अडखळेल, पडेल, मंडळीला (चर्चला) खाली मान घालायला लावेल, पण कायमचा सुटणार नाही. मग जो उघड सोडून गेला त्याचं काय? तिथे 1 योहान 2:19 पुढे येतं: ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हतेच. विश्वासाची चव घेऊन मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य म्हणणारा इब्री 6:4-6 हा उतारा शिकवताना भल्याभल्यांची दमछाक होते ती याच कारणाने. फ्री विल बॅप्टिस्टांचा प्रश्नच वेगळा, ते विश्वास खरोखर गमावता येतो असं मानतात. पण सदर्न बॅप्टिस्ट चौकटीत एखाद्याला विश्वासत्यागी म्हणायचं तर 'तुझं तारण कधी झालंच नव्हतं' असं म्हणावं लागतं. वीस वर्षं शेजारच्या बाकावर बसलेल्या डीकनला (मंडळीच्या सेवकाला) हे तोंडावर कोण सांगणार?

म्हणून आरोप माणसाला सोडून संस्थेवर जातो. सेमिनरी (पाळकांना शिकवणारी संस्था) वाहवत गेली, प्रकाशनगृह वाहवत गेलं, संपूर्ण पंथ उताराला लागला, अशी भाषा येते.

'उतार' ही भाषा स्पर्जन या लंडनच्या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या काळातली. 1887 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये त्याच्या मासिकात या विषयावर लेख आले, ऑगस्टपासून तो स्वतः लिहू लागला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने ब्रिटनची बॅप्टिस्ट युनियन सोडली. आक्षेप शास्त्राची प्रेरणा, ख्रिस्ताचं प्रायश्चित्त आणि सार्वकालिक शिक्षा या मुद्द्यांवर होते. युनियनच्या समितीने नावं मागितली. त्याने दिली नाहीत. जानेवारी 1888 मध्ये समितीने त्याच्यावरच ठपका ठेवला. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी तक्रार: युनियनला बाप्तिस्म्यापलीकडे सिद्धांताचा बंधनकारक पाया नव्हता, त्यामुळे नावं दिली असती तरी ती कोणत्या कसोटीवर घासायची हा प्रश्न उरलाच असता. आरोप आहे, पण तो ऐकायला न्यायपीठ नाही. बिशप नाही, सिनड (धर्मसभा) नाही, प्रत्येक मंडळी स्वायत्त. पुढची सव्वाशे वर्षं मौनप्रार्थनेच्या वादातही हीच गोष्ट घडताना दिसते.

मंगळवार

'कंटेम्प्लेटिव्ह' (चिंतनशील) या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एक, शास्त्रवचनावर मनन. दोन, शब्द आणि विचार बाजूला ठेवून बसण्याची पद्धत. तीन, सर्व धर्मांचे साधक शेवटी एकाच अनुभवाला पोचतात ही शिकवण. पहिल्या गोष्टीवर कुठल्याही बॅप्टिस्टाचा आक्षेप नसतो, तिसरीला जवळपास कुणाचीच मान्यता नसते. भांडण दुसरीवरचं आहे. पण आरोपपत्र तिसरीचं लिहिलं जातं आणि पकडला जातो तो पहिली करणारा. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

दुसऱ्या पद्धतीचं ठळक रूप म्हणजे 'सेंटरिंग प्रेअर'. 1970 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट (मौनावर भर देणाऱ्या कॅथलिक संन्याशांच्या) मठात विल्यम मेनिंजर, बॅसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी ती आखली. मूळ आधार चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रजी ग्रंथाचा. कृती अशी: एक-दोन अक्षरी 'पवित्र शब्द' निवडायचा आणि त्या बैठकीत तो बदलायचा नाही. पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसायचं. विचारात गुंतलो असं ध्यानात आलं की हळूच त्या शब्दाकडे परतायचं. असं वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. शेवटी एक-दोन मिनिटं तसंच शांत बसून मग डोळे उघडायचे.

कीटिंग यांचं म्हणणं, हा मंत्र नव्हे. शब्द सतत घोकायचा नाही, तो देवाच्या सान्निध्याला दिलेल्या होकाराची खूण आहे. कागदावर हा फरक बरोबर आहे, बैठकीत तो टिकत नाही. नवखा माणूस विचार हाकलायला शब्दाचा सोटा करतो, विचार दर दोन सेकंदांनी येतात, म्हणजे शब्दही दर दोन सेकंदांनी येतो आणि जप सुरू होतो. दुसरी अडचण झोपेची, ती निदान निरुपद्रवी. तिसरी गंभीर आहे: दाबून ठेवलेल्या जुन्या आठवणी वर येतात. कीटिंग हे अपेक्षितच धरतात, अंतर्मनाचं ओझं उतरणं समजतात. पण मंडळीच्या हॉलमध्ये वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकाला रडू कोसळलेल्या माणसाचं काय करायचं हे ठाऊक नसतं.

टीकाकारांचा सगळ्यात मजबूत मुद्दा मात्र वेगळाच आहे. त्या काळात स्पेन्सरच्या मठात झेन गुरू आणि भावातीत ध्यान शिकवणारे येऊन गेले होते. दिवसातून दोनदा वीस मिनिटं हे माप भावातीत ध्यानाच्या मापाशी जुळतं, हेही खरं. एवढ्यावरून पद्धत तिथूनच उचलली हे सिद्ध होत नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढणंही बरोबर नाही.

कमजोर मुद्दा मत्तय 6:7 चा. 'व्यर्थ बडबड करू नका' हे वचन दाखवून कुठलीही पुनरावृत्ती मोडीत काढायची, तर स्तोत्र 136 चं काय करायचं? सव्वीस वचनं आणि सव्वीस वेळा देवाच्या सनातन दयेचं तेच पालुपद. समर्थकांच्या बाजूलाही असंच एक लंगडं वचन आहे: स्तोत्र 46:10, 'शांत राहा आणि मी देव आहे हे जाणा.' त्याच्या आधीचं वचन वाचलं तर देव धनुष्यं मोडतो आहे, भाले तोडतो आहे. तो हुकूम लढणाऱ्या राष्ट्रांना आहे. श्वासावर लक्ष ठेवण्याशी त्याचा संबंध नाही.

एक गोष्ट मराठी वाचकाला पटकन खटकेल. अमेरिकन टीकाकार 'हे हिंदू आहे' असं म्हणून मोकळे होतात. आपल्याकडचं वारकऱ्यांचं नामस्मरण कानात बसलेल्या माणसाला ते हास्यास्पद वाटणार: टाळ-मृदंग, मोठा आवाज, शंभर माणसं एकत्र, आणि नावाला अर्थ, गोष्ट, रूप सगळं चिकटलेलं. एकट्याने, डोळे मिटून, अर्थ बाजूला ठेवून बसण्याशी त्याचं फारसं साम्य नाही.

आता पहिली गोष्ट, मनन, जवळून बघावी. वचन घ्या: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.' एका वेळी एकाच शब्दावर भार द्यायचा. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, म्हणजे दुसरा कुणी नाही. माझा, म्हणजे नुसता इस्राएलाचा नव्हे. मेंढपाळ, म्हणजे राजा किंवा न्यायाधीश या नात्याने इथे तो बोलत नाही. आहे, होता किंवा होईल नव्हे. मग त्यातलं एक पद उचलून त्याचीच प्रार्थना करायची: आज कशाचं उणं वाटतं आहे ते नाव घेऊन सांगायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. इथे मन रिकामं होत नाही, भरतं, आणि भरकटलं तर परत यायला वाक्य असतं. सतराव्या शतकातले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट, हेच करत होते. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन (कॅथलिक संन्यासी संघातल्या) मठाधिकाऱ्याने वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या, त्यातल्या पहिल्या तीन जवळपास याच आहेत. खटका उडतो तो चौथीवर.

गुरुवार

ई. ग्लेन हिन्सन यांचं प्रकरण नीट समजून घेतल्याशिवाय या वादावर बोलू नये.

हिन्सन लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीत मंडळीचा इतिहास शिकवत. 1960 मध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथून सुमारे 80 किलोमीटरवरच्या गेथसेमनी मठात गेले. हेतू साधा होता, मध्ययुगीन मठजीवन पुस्तकाबाहेर दाखवायचं. तिथे बोलायला उभा राहिला थॉमस मर्टन, तिथलाच ट्रॅपिस्ट संन्यासी आणि नावाजलेला लेखक. एका विद्यार्थ्याने विचारलं की एवढा हुशार माणूस इथे आयुष्य का फुकट घालवतो, त्यावर मर्टनचं उत्तर होतं की माझा प्रार्थनेवर विश्वास आहे, तेच माझं पाचारण. हिन्सन यांनी पुढे लिहिलं की प्रार्थनेला आयुष्यभराचं काम मानणारा माणूस त्यांना तोवर भेटला नव्हता. भेटी चालू राहिल्या आणि 1974 मध्ये त्यांचं चिंतनशील जीवनशैलीवरचं पुस्तक आलं.

1979 च्या ह्यूस्टनच्या अधिवेशनापासून कन्व्हेन्शनमध्ये परंपरावादी गटाची सरशी सुरू झाली. विश्वस्त मंडळं एकेक करून बदलली. 1991 मध्ये हिन्सन काही महिन्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या रुश्लिकॉनच्या बॅप्टिस्ट सेमिनरीत शिकवत होते. ही सेमिनरी 1949 मध्ये कन्व्हेन्शनच्या फॉरेन मिशन बोर्डानेच (परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या मंडळाने) उभी केलेली. त्या ऑक्टोबरमध्ये बोर्डाच्या विश्वस्तांनी तिचं पुढच्या वर्षीचं 3 लाख 65 हजार डॉलरचं अनुदान एका मतदानात काढून घेतलं. कारण हिन्सन यांची तिथली उपस्थिती. पुरावा म्हणून येशूवरच्या त्यांच्या 1977 च्या पुस्तकातली वाक्यं दाखवली गेली, उदारमतवादी म्हणून.

मर्टन, मठ, मौन यांपैकी काहीही त्या आरोपात नव्हतं. आणि हिन्सन यांची बाजू ऐकून घेणारी सुनावणीही नव्हती. निकाल अंदाजपत्रकाच्या एका ओळीत आला. बोर्डाचे युरोपातले वरिष्ठ अधिकारी निषेध म्हणून बाहेर पडले. अध्यक्ष कीथ पार्क्स 1992 मध्ये निवृत्त झाले आणि नव्याने निघालेल्या को-ऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप या मवाळ बॅप्टिस्टांच्या संघाच्या मिशनकार्यात गेले. हिन्सन लुईव्हिल सोडून रिचमंडला गेले. सेमिनरी पुढे प्रागला हलली.

विश्वस्तांची बाजूही आहे: मंडळ्यांनी दिलेल्या वर्गणीतून मंडळ्यांच्या विश्वासाविरुद्ध शिकवण का पोसायची? प्रश्न रास्त आहे. पण एका पाहुण्या शिक्षकासाठी सबंध सेमिनरीचं वर्षाचं अनुदान काढणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

गंमत पुढे आहे. त्याच लुईव्हिल सेमिनरीत 2005 पासून डोनाल्ड व्हिटनी 'बायबलप्रणीत आध्यात्मिकता' शिकवू लागले. मनन, एकांत, उपास, रोजनिशी लिहिणं, सगळं अभ्यासक्रमात. ट्रॅपिस्ट गेले, प्युरिटन आले.

शुक्रवार

2000 च्या विश्वासपत्रकात 18 कलमं आहेत. शास्त्र, देव, मनुष्य, तारण, बाप्तिस्मा, प्रभूचा दिवस, कारभारीपण, युद्ध, कुटुंब. प्रार्थनेवर स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे 'अमुक मंडळीत चुकीच्या पद्धतीने प्रार्थना शिकवतात' अशी तक्रार घेऊन कुणी गेलं, तरी बोट ठेवायला कलम सापडत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक मंडळीचं उदाहरण घ्या. तिचे संस्थापक पाळक रिक वॉरन यांच्या 2002 च्या गाजलेल्या पुस्तकात श्वासागणिक छोटी प्रार्थना करण्याचा सल्ला होता, ब्रदर लॉरेन्स या सतराव्या शतकातल्या कॅथलिक मठवासीयाचा दाखला होता. त्यावरून टीकाकारांनी वर्षानुवर्षं रान उठवलं. पण मंडळी कन्व्हेन्शनबाहेर गेली ती 2023 मध्ये, स्त्री पाळकांच्या मुद्द्यावर, कारण त्यावर विश्वासपत्रकात वाक्य आहे. न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात सुमारे 88 टक्के प्रतिनिधींनी ते कायम केलं. प्रार्थनेचा आरोप मतदानापर्यंत पोचलाच नाही.

पत्रकात कलम नसलं तर नोकरीच्या नियमात घालतात, हा दुसरा मार्ग. नोव्हेंबर 2005 मध्ये इंटरनॅशनल मिशन बोर्डाने (पूर्वीच्या फॉरेन मिशन बोर्डाने) ठरवलं की 'खाजगी प्रार्थनाभाषा', म्हणजे एकांतात अनोळखी भाषेत केलेली प्रार्थना, वापरणाऱ्याला मिशनरी म्हणून घ्यायचं नाही. बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी रँकिन स्वतः तशी प्रार्थना करत असल्याचं सांगत होते! 2015 मध्ये तो नियम काढला. दहा वर्षांत शास्त्र बदललं नव्हतं, मंडळ बदललं होतं.

रविवार

आरोप वाचताना साखळी मोजावी. अमक्या बाईंनी बायबल अभ्यासात एका क्वेकर (मौन उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) लेखकाचं वाक्य दिलं, त्या लेखकाने मर्टनचा आदराने उल्लेख केला, मर्टनने झेनवर लिहिलं, म्हणून बाई झेन शिकवतात. तीन कड्या, आणि मधल्या एकाही कडीत बाईंचं स्वतःचं विधान नाही. 2006 मध्ये मौनप्रार्थनेवरच्या एका डीव्हीडीत बायबल शिकवणाऱ्या बेथ मूर, क्वेकर लेखक रिचर्ड फॉस्टर आणि तत्त्वज्ञ डॅलस विलर्ड होते. त्यानंतर मूर काय बोलल्या यापेक्षा त्या कोणाच्या पंगतीत होत्या यावरच जास्त शाई खर्च झाली. विलर्ड हे सदर्न बॅप्टिस्ट दीक्षित पाळक होते, हे तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

स्वतंत्र फंडामेंटलिस्ट बॅप्टिस्टांमध्ये ही साखळी अपघाताने तयार होत नाही. तिथे दुसऱ्या पायरीचं विभक्त होणं पाळतात: चुकीच्या शिक्षकापासून दूर राहायचंच, पण जो त्याच्यापासून दूर राहत नाही त्याच्यापासूनही दूर राहायचं. या नियमात पंगत हाच पुरावा ठरतो. सदर्न बॅप्टिस्टांवरचे बरेच आरोप या बाहेरच्या गटांतून येतात आणि आतल्या माणसाला उत्तर देणं अवघड होतं, कारण कसोटीच वेगळी. एकदा कानफाट्या नाव पडलं की खुलासे कोण वाचतं.

कॅथलिकांनीही आपल्या गूढवाद्यांना सोडलेलं नाही, हे या वादात क्वचितच ऐकू येतं. 1687 मध्ये पोपने मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूच्या निष्क्रिय शांततेच्या शिकवणीला दोषी ठरवलं, पुढे तशाच शिकवणीच्या फ्रेंच लेखिका मादाम ग्युयाँ पॅरिसच्या बास्तीय तुरुंगात बंद होत्या. आणि ऑक्टोबर 1989 मध्ये व्हॅटिकनने पौर्वात्य ध्यानपद्धतींच्या मिश्रणाबद्दल बिशपांना सावधगिरीचं पत्र काढलं, कार्डिनल राट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने. त्यातले काही आक्षेप बॅप्टिस्ट टीकाकारांना आपलेच वाटतील.

मंडळीत तक्रार आलीच तर मत्तय 18 चा क्रम आहे: आधी एकट्याने भेटायचं, मग दोन-तीन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. उघड शिकवणीवर उघड टीका करायला हा क्रम लागत नाही, असं टीकाकार म्हणतात. छापील पुस्तकाबाबत ते पटतं, आपल्याच मंडळीतल्या वर्गाबाबत नाही. तिथे वर्गात जाऊन बसावं. डोळे मिटायच्या आधी कोणतं वचन वाचलं? विचार आले तर काय करायला सांगितलं? मौनात काही 'ऐकू' आलं तर ते कशावर तपासायला सांगितलं? वर्गात आलेल्या अविश्वासी माणसाला, तारणाआधीच, देव तुझ्यात आहेच असं सांगितलं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर प्रकरण पद्धतीचं उरत नाही, सुवार्तेचं होतं, आणि मग मंडळीच्या वडीलजनांनी हात घालायलाच हवा. बाकी तिन्ही शिकवून दुरुस्त होतात.

ठराव लिहायची वेळ आली तर त्यात 'मिस्टिसिझम' (गूढवाद) हा शब्द नको. कोणता वर्ग, कोणती तारीख, कोणती सूचना, कोणतं पुस्तक आणि पान, एवढंच लिहावं. शिकवणाऱ्याचं उत्तर त्याच इतिवृत्तात, त्याच्या शब्दांत जोडावं.