साडेचार लाखांत दोघांचा युरोप: बडोद्याहून केलेली आखणी

हनिमूनला युरोप म्हटलं की टूरवाल्यांच्या कागदावर पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली एका दमात येतात. नऊ दिवस, सहा शहरं, रोज सकाळी बॅग भरायची. आम्ही तो कागद बाजूला ठेवला. दोघांचे मिळून साडेचार लाख ही मर्यादा होती, आणि तेवढ्यात बसवायचं तर आधी शहरं कमी करायची हे ठरलं. प्रत्येक मुक्काम बदलताना रेल्वेचं तिकीट लागतं, सामान ठेवायचे पैसे जातात, अर्धा दिवस जातो आणि घाईत बाहेरचं महाग जेवण होतं. म्हणून दहा रात्री आणि फक्त तीन हॉटेलं: प्राग (चेक प्रजासत्ताक) ३, व्हिएन्ना (ऑस्ट्रिया) ५, बुडापेस्ट (हंगेरी) २. ही तिन्ही शहरं एका रेल्वेमार्गावर आहेत. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. प्राग आणि बुडापेस्ट तर पॅरिस-झुरिकपेक्षा बरीच स्वस्त.

व्हिएन्नाला पाच रात्री देण्यामागे व्हिसाचंही कारण आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. तीन-तीन-चार अशी वाटणी केली आणि नंतर एक रात्र इकडची तिकडे झाली, तर अर्जच चुकीच्या देशाकडे गेलेला ठरतो. एका देशाचं पारडं आधीच स्पष्ट जड ठेवावं. आमचा अर्ज म्हणूनच ऑस्ट्रियाकडे होता.

आता लग्नाच्या कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नवीन जोडप्यांचं घोडं इथेच अडतं.

पहिला प्रश्न नावाचा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर ते हनिमूनआधी बदलायला जाऊ नका. नवा पासपोर्ट, मग त्याच्याशी जुळणारं आधार, पॅन, बँक खातं, अशी साखळी सुरू होते आणि व्हिसाच्या फाइलमध्ये एकाच व्यक्तीची दोन नावं दिसू लागतात. जुन्या नावावर प्रवास करण्यात काहीही गैर नाही. फक्त विमानाचं तिकीट, विमा, हॉटेल आणि व्हिसा अर्ज या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवर छापलंय तसंच हवं. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचंही नाव असतं, ते तिकीट काढताना गाळलं जातं. गाळू नका.

दुसरा प्रश्न विवाह नोंदणीचा. महानगरपालिकेत लग्नानंतर लगेच नोंदणी करून घ्या. अर्जावर भटजींची आणि साक्षीदारांची सही लागते, म्हणून लग्नघर पांगायच्या आतच त्या सह्या आणि भटजींच्या ओळखपत्राची प्रत घेऊन ठेवावी. भटजी पुण्याहून किंवा सांगलीहून आलेले असले की नंतर एका सहीसाठी दहा दिवस जातात. प्रमाणपत्र गुजरातीत मिळालं तर इंग्रजी भाषांतर जोडा. व्हिसाचा अर्ज लग्नाच्या आधीच करावा लागत असेल तर प्रमाणपत्र नसणारच. अशा वेळी दोघांनी आपापली उत्पन्नाची कागदपत्रं लावून स्वतंत्र, पण एकाच कार्यक्रमपत्रिकेचा अर्ज करावा, आणि सोबतच्या पत्रात लग्नाची तारीख लिहून निमंत्रणपत्रिका जोडावी.

तिसरी गोष्ट अहेराची. लग्नात जमलेली रोख रक्कम लोक एकदम खात्यात भरतात आणि पंधरा दिवसांनी त्याच खात्याचं स्टेटमेंट व्हिसाला देतात. तपासणाऱ्याला दिसतं ते इतकंच की तीन महिने साठ-सत्तर हजार शिल्लक असलेल्या खात्यात अचानक पाच लाख आले. उसने आणून दाखवलेले पैसे असेच दिसतात. रक्कम भरायचीच असेल तर पत्रात लग्नाचा उल्लेख करून एका ओळीत खुलासा द्या. त्याहून चांगलं म्हणजे प्रवासाचे पैसे चार-सहा महिने आधीपासून पगाराच्याच खात्यात साठू द्या.

बाकीची फाइल नेहमीची असते: सहलीचा हेतू सांगणारं पत्र, दिवसवार कार्यक्रम, विमानाचं आरक्षण, दहाही रात्रींची हॉटेलं, बँकेचा शिक्का मारलेली स्टेटमेंटं, पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, आणि नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजूर असल्याचं पत्र, ज्यात परत रुजू होण्याची तारीखही असावी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, ताजा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांना लागू हवं. उतरायच्या आणि निघायच्या दोन्ही तारखा त्यात आल्या पाहिजेत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. एप्रिल-मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली की तारखा मिळत नाहीत. दोघांची अपॉइंटमेंट वेगवेगळी घ्यावी लागते, त्या लागोपाठच्या घ्या. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही अहमदाबादला जावंच लागतं. मात्र गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तर तेच पुन्हा वापरता येतात. सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत काम उरकतं. प्रत्येक कागदाची एक जादा प्रत सोबत न्या, केंद्रातली झेरॉक्स महाग पडते.

तिकिटाचं गणित सोपं आहे. बडोद्याहून युरोपला थेट विमान नाही, आणि मुंबईला जायचं तर रात्रीचा रेल्वेप्रवास किंवा हॉटेल वाढतं. अहमदाबादहून दुबई किंवा दोहामार्गे प्राग गाठता येतं. जाताना प्राग आणि येताना बुडापेस्ट असं तिकीट ‘मल्टी सिटी’ या पर्यायातून काढा. दोन वेगळी एकेरी तिकिटं घेतली तर बहुतेक वेळा महाग पडतात, आणि प्रागला परत यायचं तर एक दिवस आणि दोन रेल्वे तिकिटं वाया जातात.

आमचा हिशेब युरो १०५ रुपये धरून असा होता. विमान १ लाख ३० हजार. हॉटेलं रात्री ९० युरो दराने ९५ हजार. व्हिसा आणि त्याच्या आजूबाजूचा खर्च २४ हजार, विमा ४ हजार. शहरांमधली रेल्वे आणि दिवसाच्या सहली १८ हजार, शहरातले पास १३ हजार. जेवणखाण दिवसाला दोघांचे ४५ युरो, म्हणजे अकरा दिवसांचे ५२ हजार. प्रवेश तिकिटं, बोट आणि बुडापेस्टचं गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह ३० हजार. बेरीज ३ लाख ६६ हजार. उरलेले ८४ हजार खरेदी आणि अडीअडचणीसाठी. ही राखीव रक्कम कापून वरचं हॉटेल घेण्याचा मोह होतो. तसं करू नका, एक चुकलेली गाडी हजारोंना पडते.

रेल्वेची तिकिटं लवकर काढली की फार स्वस्त मिळतात. ऑस्ट्रियन रेल्वेच्या ‘श्पारशीने’ प्रकारात ठरावीक जागाच स्वस्त असतात, तिकीट त्याच गाडीचं असतं आणि रद्द केलं तर पैसे जातात. म्हणून व्हिसा हातात आल्यावरच काढा. जागेचं आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, थोडे पैसे देऊन ते घ्याच, नाहीतर चार तास दोघं दोन डब्यांत बसाल. व्हिएन्नाहून दिवसाच्या सहलीला ‘आइनफाख राउस’ हे तिकीट जोडप्याला छान जमतं. ते दोन ते पाच जणांना मिळून असतं, फक्त स्थानिक गाड्यांना चालतं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होतं. मेल्कचा मठ पाहून डॅन्यूबवरून बोटीने क्रेम्सला उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत, हा दिवस सगळ्या सहलीत सर्वांत सुंदर गेला. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. हालश्टाट या तळ्याकाठच्या गावाचा मोह मात्र व्हिएन्नाहून टाळा. जायला-यायला मिळून सात तास जातात आणि गावात दोन तास मिळतात. त्यापेक्षा स्लोव्हाकियाची राजधानी ब्राटिस्लाव्हा तासाभरावर आहे.

हॉटेल व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनजवळ घेतलं, कारण प्रागची आणि बुडापेस्टची गाडी तिथेच थांबते. ऑस्ट्रियात ‘डबल’ खोलीतला पलंग बरेचदा दोन वेगळ्या गाद्या जोडलेला असतो आणि पांघरुणंही दोन. एकच गादी हवी तर ‘फ्रेंच बेड’ अशी विनंती आधी लिहून पाठवा. शहराचा पर्यटक कर बऱ्याचदा हॉटेलात वेगळा भरावा लागतो, प्रागला माणशी दर रात्रीला ५० कोरुना (चेक चलन). खोलीत किटली असेलच असं नाही. चहासाठी छोटी किटली घरूनच न्यावी.

पैशांची सर्वांत जास्त गळती प्रागमध्ये होते. तिथे युरो नाही, कोरुना आहे, आणि बुडापेस्टमध्ये फोरिंट. दुकानात किंवा एटीएममध्ये ‘रुपयांत पैसे घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा, नाहीतर यंत्र स्वतःच्या मनाने वाईट भाव लावतं. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावरही परकीय चलनाचं शुल्क बरेचदा साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो. मुख्य खर्च फॉरेक्स कार्डावर (ज्यात परकीय चलन आधीच भरून ठेवतात) आणि क्रेडिट कार्ड फक्त हॉटेलच्या अनामतीसाठी, हे ठीक चालतं. प्रागमध्ये रस्त्यावर कुणाकडून पैसे बदलू नका. दुकानात बदलले आणि भाव फसवा निघाला तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तीन तासांच्या आत, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. पावती मात्र हवी.

विमानतळावरून शहरात जातानाही असेच पैसे वाचतात. प्रागला ५९ नंबरची ट्रॉलीबस मेट्रोपर्यंत नेते. बुडापेस्टला १००ई ही बस थेट शहरातून विमानतळावर जाते, पण तिला वेगळं तिकीट लागतं, साधा पास चालत नाही. कागदी तिकीट यंत्रात घालून एकदा त्यावर शिक्का छापून घ्यायला विसरू नका. खिशात तिकीट आहे, पण छापलेलं नाही, तरी दंड पूर्ण.

प्रवेश तिकिटांत थोडं ओळखून वागलं की बरंच फुकट मिळतं. प्रागच्या किल्ल्याची आवारं आणि श्योनब्रुनच्या बागा फुकट आहेत. बुडापेस्टच्या मच्छीमार बुरुजाचा खालचा सज्जाही फुकट, आणि संसदेचं दृश्य तिथूनही तेच दिसतं. संसद आतून पाहायची तर तिकीट आधी काढा, युरोपीय संघाबाहेरच्या लोकांना ते जास्त दराने असतं. सेचेनी स्नानगृहाला पोहण्याचे कपडे, चपला आणि टॉवेल सोबत न्या, तिथे भाड्याने घेतलं तर महाग पडतं.

खाण्याबद्दल शाकाहारी जोडप्यांनी थोडी काळजी घ्यावी. प्रागला तळलेलं चीज, व्हिएन्नात केसेश्पेत्सले (चीज घातलेले पिठाचे छोटे तुकडे), बुडापेस्टला लांगोश (तळलेली जाड पुरी), एवढं पोटाला पुरतं. सूप मात्र विचारूनच घ्या, भाजीचं दिसलं तरी खाली बहुधा गाईच्या हाडांचा रस्सा असतो. व्हिएन्नात नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, बाटली भरून घ्या. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी, म्हणून शनिवारीच सामान भरा. घरून खाखरा, थेपले, लिलो चेवडो खुशाल न्या. लग्नातले पेढे, बर्फी, तूप मात्र नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

दागिने घरीच लॉकरमध्ये ठेवा. मंगळसूत्र आणि एखादी अंगठी पुरे. जास्त घेतले तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं लागेल, नाहीतर परतताना ते तिकडेच विकत घेतलेले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं. त्या प्रमाणपत्रासाठी अहमदाबादला तासभर आधी पोहोचा, कारण ते अधिकारी सामान तपासून मगच देतात.