बेडकांसाठी आंबोली : कोल्हापूरहून एक रात्र

पुतण्याच्या खोलीत एका निळ्याजर्द बेडकाचं पोस्टर आहे. सुरिनामच्या जंगलातला, अंगभर काळे ठिपके. "काका, असलं आपल्याकडं काय असतंय का?" असं त्यानं विचारलं आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं आंबोलीला निघालो. निपाणी, आजरा करत गाडीनं साधारण तीन तास. आजऱ्यावरून सावंतवाडीला जाणारी एसटीही आंबोलीत सोडते. बेडूक रात्रीच दिसतात, त्यामुळं मुक्काम हवाच. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी धबधब्याची गर्दी सगळ्या खोल्या अडवून बसते.

वाटेत त्याला पोस्टरातल्या बेडकाच्या भाऊबंदांबद्दल सांगितलं. हे विषारी बेडूक मूळचे फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, जाती दोनशेच्या आसपास. बाणाला विष लावायला मात्र त्यातल्या मोजक्याच तीन-चार वापरल्या गेल्या. कोलंबियातले एम्बेरा लोक सोनेरी बेडकाच्या पाठीवर बाणाचं टोक घासत. या बेडकांना विष मिळतं मुंग्या, कोळीकिडे असल्या खाण्यातून. पाळून दुसरं खाणं घातलं की विष बनत नाही. ते बेडूक दिवसाढवळ्या हिंडतात, कारण अंगावरचा रंग हीच शत्रूला ताकीद असते. आपल्याकडचे बहुतेक बेडूक रात्री निघतात आणि पानामातीत मिसळून जातात. म्हणून इथं आधी कान लागतात, मग डोळे.

हे खरं करून दाखवलं गावातल्या वाटाड्यानं. आठ वाजता त्यानं सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. आधी फक्त पाऊस ऐकू येतो, मग झुडपातून टिक-टिक-टिक-टिक सुरू होतं. तो झुडपी बेडूक, नखाहून थोडा मोठा. आवाजाच्या रोखानं गेलो तरी सापडायला वीस मिनिटं लागली. या झुडपी बेडकांच्या अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं निघतच नाहीत, थेट इवले बेडूक बाहेर येतात. आंबोलीचंच नाव मिळालेली एक जातही त्यांच्यात आहे.

खरी मेजवानी होती डबक्यावर वाकलेल्या फांदीवर. मलबारी उडता बेडूक! अंग पोपटी, बोटांमधले पडदे लालभडक. ते पडदे पसरून तो झाडावरून दहा-बारा मीटर तरंगत जातो. शेजारीच पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मादी पाय घुसळून हा फेस काढते, अंडी त्यातच वाढतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. कोस्टा रिकाकडची लाल विषारी बेडकीण पिल्लांना एकेक करून पाठीवरून पानांत साचलेल्या पाण्यात नेते आणि स्वतःची न फळलेली अंडी खायला घालते. दोघींचा खटाटोप एकाच गोष्टीसाठी, पिल्लाला पाणी मिळावं म्हणून. पोरगा त्या फेसापुढून हलेना.

पुढं सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आंबोली टोड नावाचा बेडूक दिसला. अंगठ्याएवढा, पिवळसर, कुशीवर वाघासारखे पट्टे. शास्त्रानं याला २००९ साली वेगळी जात म्हणून नोंदवलं, आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. पहिल्या पावसात थोडेच दिवस ही मंडळी कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. तो सोहळा बघायचा असेल तर जूनमध्ये जा. सड्यावरच्या ओंजळभर पाण्यातही पाय घालू नका.

"काका, ह्याला हात लावला तर माणूस मरतंय का?" पुतण्यानं विचारलं. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं फोटोसाठी हात पुढं केला आणि वाटाड्यानं त्याचं मनगट धरलं. अर्ध्या तासापूर्वीच त्या हाताला मच्छरांचं मलम चोळलं होतं. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच घेतो, त्यामुळं मलम थेट अंगात जातं. इथं विष आमच्या हाताला होतं. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला, पँट त्यात खोचा, हाताला काही लावू नका. पकडीचे बूट आणि रेनकोट हवाच. छत्री झाडीत अडकते. फ्लॅश मारू नका, बॅटरीचा झोत फार वेळ अंगावर ठेवू नका. उजेड पडला की नर गायचा थांबतो.

अकराला परतताना रस्त्यावर जागोजागी बेडूक बसलेले. दोन किलोमीटरसाठी आम्ही चाळीस मिनिटं घेतली. पुतण्या बॅटरी घेऊन पुढं चालत होता, एकेक बेडूक कडेला गेला की हात करायचा, आणि मग मी गाडी पुढं घ्यायचो.