खरे उत्तर आणि उताऱ्यातले उत्तर

चार पर्यायांच्या २० प्रश्नांना काहीही न वाचता खुणा केल्या, तरी सरासरीने ५ उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे माझ्या वर्गातील सर्वांत जास्त वाचणाऱ्या मुलीला आकलनाच्या सराव चाचणीत ९ गुण मिळालेले पाहून मी अस्वस्थ झाले. बरोबर उत्तरे सांगून मोकळे होण्याऐवजी त्या दिवशी मी तिला शेजारी बसवले आणि चुकलेला प्रत्येक पर्याय तिने का निवडला, एवढेच विचारत गेले.

उतारा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांविषयी होता. रात्री प्रवास करणारे काही पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात, असे त्यात लिहिले होते. तिने मात्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा पर्याय निवडला होता. “पण बाई, तेही खरं आहे!” ती म्हणाली. ते खरेच होते आणि तिने ते कुठेतरी लक्षपूर्वक वाचलेले होते. परंतु प्रश्नाची सुरुवात ‘उताऱ्यानुसार’ या शब्दाने झाली होती आणि उताऱ्यात चुंबकीय क्षेत्राचा उल्लेखही नव्हता. तिच्या वाचनामुळेच तिचा गुण गेला, याचे मला फार वाईट वाटले.

पुढच्या प्रश्नात उताऱ्यातील ‘काही पक्षी’ पर्यायात ‘सर्व पक्षी’ झाले होते. बाकीचे शब्द जसेच्या तसे असल्याने तिला ते वाक्य ओळखीचे वाटले. ‘विसंगत विधान कोणते?’ यातील ‘विसंगत’ तर नजरेतून निसटलेच होते.

शब्द जुळला की पर्याय बरोबर, ही सवय तिला मीच लावली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. वेळ वाचावा म्हणून ‘आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात ते शब्द शोधा’ असे मी वर्षभर सांगत आले होते.

मग नवा उतारा घेऊन मी पर्याय कागदाने झाकले. आधी स्वतःच्या शब्दांत उत्तर सांगायचे, ते ज्या वाक्यावर उभे आहे त्यावर बोट ठेवायचे आणि मगच कागद उचलायचा, असे आम्ही ठरवले. अनुमानाच्या प्रश्नांनाही हे लागू पडते. तिथे कधी एकाऐवजी दोन वाक्यांवर बोट ठेवावे लागते, इतकेच. चौथ्या प्रश्नाला कागद उचलल्यावर एका पर्यायाचा आधार शोधत तिचे बोट ओळींवरून बराच वेळ फिरत राहिले. शेवटी ती म्हणाली, “हे मला माहीत आहे, पण इथं लिहिलेलं नाही,” आणि तिने तो पर्याय स्वतःच्या हाताने खोडला.