कुणकेश्वरची वाट आणि व्याधाचा प्रकाश

आमच्या गावच्या देवाची स्वारी महाशिवरात्रीला कुणकेश्वरी, देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या शिवमंदिरी, निघते ती दरवर्षी नव्हे, कौल झाला म्हणजे देवाचा होकार मिळाला तरच. यंदा कौल झाला आणि देवांची प्रतीके असलेल्या तरंगकाठ्या, पालखी, निशाण, अब्दागिरी असा लवाजमा बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या परंपरागत, मानकऱ्यांसह गावाची वेस ओलांडून निघाला. आचऱ्याला रामेश्वराचे दर्शन झाले. पुढे कोणत्या वाडीत ओवाळणी झाली आणि कोणत्या घरी पेज मिळाली, याचा क्रम आता मनात राहिलेला नाही. सोबतच्या टेम्पोवरचा कर्णा मात्र विसरता येत नाही. ढोलांची लय ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने तो वाजत होता आणि देवाच्या वाटेवर असूनही मला त्याचा मनापासून राग येत होता.

हिंदळ्याच्या पुढे सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार, लागला तेव्हा ऊन ऐन भरात होते. अनवाणी चालण्याचा नेम होता. डाव्या टाचेखालचा फोड तापलेल्या कातळावर फुटला आणि पाऊल टेकताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा बेसाल्ट झाला आणि तो दीर्घकाळ झिजून हा जांभा तयार झाला, हे मला चांगले ठाऊक आहे. पण त्या वेळी पुढच्या वळणापलीकडचे काहीही मनात येत नव्हते. स्वारी उताराला लागली आणि ढोल ऐकू येईनासे झाले.

काजूच्या बागेशेजारी एक मांगर, म्हणजे बागेतले खोपटे, होता. तिथल्या म्हाताऱ्या बाईने मला लंगडताना पाहून हाक मारली, “झिला, हय बस. पाय वर घे.” तिने गूळ-पाणी दिले, चुलीवरच्या कोमट पाण्यात मीठ घालून माझा पाय स्वतःच्या हातांनी धुतला, फडक्याने टिपला. कोकमाच्या बियांच्या तेलाचा घट्ट गोळा तिने तळहाताच्या उबेने मऊ केला आणि फोडाभोवतीच्या भेगांना लावला. फोडावर मात्र नुसती स्वच्छ चिंधी बांधली. तिच्याहून वयाने लहान असलेल्या माणसाचे पाय तिने धरावेत याचा मला फार संकोच वाटत होता. मी मागे पडल्याचे सांगताच ती म्हणाली, “देव फुडे गेले म्हणान काय झाला? दर्यो खंय पळान जाता?” ऊन उतरेपर्यंत तिने मला उठू दिले नाही आणि पैशांकडे पाहिलेही नाही.

मिठबावच्या अलीकडे अंधार पडला. त्या तिथीला रात्री चंद्र नसतो, सड्यावर दिवेही नव्हते. डोक्यावर मृग नक्षत्र, त्याच्यामागे व्याधाचा तारा आणि दक्षिणेला खालच्या अंगाला अगस्त्याचा तारा स्पष्ट दिसत होता. अगस्त्याचा प्रकाश निघाला तेव्हा या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांचे आरमार फिरत होते, कारण तो तारा सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. व्याधाचे अंतर ८.६ प्रकाशवर्षे आहे. म्हणजे माझ्या डोळ्यांत शिरणारा तो प्रकाश निघाला तेव्हा माझे वडील हयात होते आणि अशाच एका वाटेवर चालत होते. मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो.

आपल्या आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत आणि तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला प्रकाशाला सुमारे १ लाख वर्षे लागतात. या आकड्यांपुढे माणूस म्हणजे काहीच नाही असे म्हणण्याची रीत आहे आणि आकारापुरते ते खरेही आहे. पण त्या म्हातारीच्या हातांना आकाराच्या मापाने मोजणे मला साफ अमान्य आहे. ज्याला दुसऱ्याची टाच दुखते हे कळते, असे काही या एवढ्या पसाऱ्यात आणखी कुठे सापडल्याचे आजवर तरी आपल्याला माहीत नाही.

कुणकेश्वरी पोहोचलो तेव्हा रांग मंदिराबाहेर दूरवर गेलेली होती; धक्काबुक्कीत चिंधी सुटली आणि मी एका तरुणावर खेकसलो. दर्शन क्षणभराचेच झाले.

अमावास्येला देवांचे तीर्थस्नान झाल्यावर वाळूत बसलेल्या एका गुरुजींपुढे मी वडिलांच्या तर्पणासाठी बसलो. लहानपणापासून ऐकलेला संकल्प त्या दिवशी प्रथमच नीट ऐकला. तो ब्रह्मदेवाच्या परार्धापासून, म्हणजे त्याच्या अर्ध्या आयुष्यापासून, सुरू होतो, कल्प, मन्वंतर, युग अशा पायऱ्या उतरतो, मग द्वीप, देश, नदीचा तीर, संवत्सर, मास, तिथी असे करत अखेर एका माणसाच्या गोत्रापाशी आणि नावापाशी येतो. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा मानतात आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हे आकडे जवळ येतात म्हणून त्यावरून काही सिद्ध करावे असे मला वाटत नाही. मला मोलाचा वाटतो तो त्या उच्चाराचा क्रम, कारण एवढा काळ आणि एवढा अवकाश सांगून झाल्यावरही माणसाचे नाव गाळलेले नाही. गुरुजींनी गोत्र विचारले, ते मी सांगितले. मग वडिलांचे नाव विचारले, आणि लाटांच्या व ढोलांच्या आवाजात त्यांना ऐकू जावे म्हणून ते मला मोठ्याने दोनदा सांगावे लागले.